ढब्बूला कुणी काही घालू नका

ए-३०२ वहिनी: नमस्कार सगळ्यांना. हात जोडून विनंती, आमच्या ढब्बू बोक्याला कुणीही काहीही खायला घालू नका. आज लसीला नेलं होतं, काट्यावर ७ किलो ४०० भरला. गेल्या वर्षी याच लसीच्या वेळी साडेपाच होता. घरात आम्ही मोजून घालतो. बाकीचं कुठून जातंय, ते आता ग्रुपवरच विचारते.

बी-१०४ मामा: आमी न्हाई ओ. ते आपणच येऊन दारात बसूलालंय रोज सकाळी. हाकललं तरी हलत न्हाई.

ए-३०२ वहिनी: मामा, काहीतरी मिळतं म्हणूनच बसतो की तो.

बी-१०४ मामा: बांगड्याचं डोकं. ते पण मासे आणले त्या दिवशी. तेवढंच.

सी-२०१ काकू: आमच्याकडे फक्त दूध हं. वाटीभर. मांजराला दूध नाही घालायचं तर काय घालायचं?

ए-४०३: आमचा धाकटा चीज देतो त्याला. आजच कळलं मला. सॉरी वहिनी.

सेक्रेटरी: म्हणजे तीन घरांत जेवून चौथ्या घरी झोपायला जातो. मेंटेनन्स लावायला पाहिजे त्याला.

सी-४०१ काका: अहो पण एवढी काळजी कशाला? ब्रिटिश शॉर्टहेअर जातीचं मांजर आहे ना, ते गोलच असतं. गुटगुटीत छान दिसतो. इंटरनेटवर ८ किलोपर्यंत दिलंय.

सी-२०१ काकू: तेच म्हणते मी. दृष्ट लागेल बाळाला.

ए-३०२ वहिनी: बी-२०३, तू आहेस का गं? तूच सांग बाई यांना. बिदरला व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहेस ना आता?

बी-२०३: आहे वहिनी, सुट्टीवर आलेय, घरीच आहे. काका, इंटरनेटवरचा आकडा बरोबर आहे. बोका ४ ते ८ किलो भरतो, भाटी ३ ते साडेपाचपर्यंत. पण ८ म्हणजे मोठ्या हाडापेराचा बोका. ढब्बू मध्यम आहे. या जातीत गोम अशी की लठ्ठपणा लपतो. डोकं गोल, गाल भरलेले, मान आखूड, छाती रुंद, पाय जाड, वर कापडासारखी दाट लव. केस दोन्ही बाजूंना सारल्याशिवाय कातडी दिसत नाही. त्यामुळे बघून कुणालाच काही कळत नाही, हात लावून बघावं लागतं. दोन्ही तळवे बरगड्यांवर ठेवायचे, दाबायचं नाही. बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. मग तो उभा असताना वरून बघायचं, बरगड्यांच्या मागे कंबर आत जायला हवी. ढब्बूच्या बरगड्या मला दाबूनही लागल्या नाहीत आणि कंबरेच्या जागी पोट बाहेर आलंय.

सी-४०१ काका: पण ही जात सावकाश वाढते असंही वाचलं. तीन वर्षांपर्यंत भरत जाते म्हणे. मग वाढीचं वजन असेल.

बी-२०३: वाढते सावकाश, तेही खरं. पण दोन वर्षांचा बोका तिसऱ्या वर्षात थोडा रुंद होतो, एकदम दोन किलो नाही चढत. शिवाय त्याचं ऑपरेशन झालंय. नसबंदीनंतर भूक वाढते आणि लागणाऱ्या कॅलरी कमी होतात. त्यात ही जात मुळात आळशी. उड्या मारणं, पडद्यावर चढणं हे पिल्लू असतानाच.

बी-२०३: आणि काकू, दुधाचं सांगते. वाटीभर म्हशीचं दूध म्हणजे शंभर-सव्वाशे कॅलरी. ढब्बूची पूर्ण दिवसाची गरज अडीचशेच्या आतबाहेर. म्हणजे तुमच्या दारात त्याचं अर्धं जेवण झालं. वर मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातली साखर पचत नाही. ढब्बूला पचते असं दिसतंय, ते त्याचं दुर्दैव.

सी-२०१ काकू: अगं बाई. मग असं करूया का, आठवड्यातून एक दिवस उपास घडवूया. एकादशी आहेच परवा.

बी-२०३: नाही नाही काकू, हे अजिबात नको! 🙏 लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते. लिव्हर बंद पडून मांजरं जातात त्यात. कुत्र्याला एखादा दिवस चालून जातो, मांजराला नाही. वजन उतरवायचं ते आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे ढब्बूचं ७०-७५ ग्रॅम. सहा-आठ महिने लागतील. त्याने एक दिवस जरी तोंड फिरवलं तरी वहिनी, मला फोन करा.

ए-३०२ वहिनी: हे डॉक्टरांनी एवढं फोडून नाही सांगितलं. फक्त "कमी घाला" म्हणाले.

सी-२०१ काकू: मग दहीभात? आमच्या माहेरी हुक्केरीला मांजरं दहीभातावरच वाढली. घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं.

बी-२०३: वाढली काकू, कारण उरलेलं ती बाहेर उंदीर-पालीतून भागवून घेत होती. ढब्बू बाहेर शिकार करत नाही. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते अंगात पुरेसं तयार होत नाही आणि भातात, दह्यात जवळजवळ नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा जातो, हृदय फुगून ढिलं पडतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाला, तेव्हापासून तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. शाकाहारी घरात मांजर पाळायचं तर तयार खाद्याचं पाकीट आणा, पण मांजराला शाकाहारी करू नका.

बी-१०४ मामा: म्हणजे बांगडा बरोबर होता की आमचा!

बी-२०३: मामा 😄 नुसतं डोकं, त्यात काटे, आणि ते त्याच्या मोजलेल्या जेवणाच्या वर. सुकट, खारवलेलं तर मुळीच नको.

सेक्रेटरी: ठरलं तर. सगळ्या विंगच्या लिफ्टजवळ कागद लावतो. कन्नडमध्ये पण लिहावं लागेल, बी विंगमधले दोघे नवीन धारवाडचे आहेत.

ए-४०३: "बेक्किगे एनू हाकबेडी" लिहा काका, मी टाईप करून देतो.

सी-४०१ काका: ते सगळं ठीक. पण एक मानलं पाहिजे, आवाज नाही मांजराचा. गेटवरची तांबडी रात्रभर बोंबलते. हा दार उघडं राहिलं तर जिन्यात येऊन बसतो, कुणी आलं तर नुसता बघतो. साहेबी थाट. ही जात आपल्या बेळगाव कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांनी आणली असणार, बरोबर ना?

बी-२०३: कॅम्पात तेव्हा मांजरं असतीलच काका, पण ढब्बूचा त्यांच्याशी काही संबंध नाही. इंग्लंडात गल्लीबोळात, गोदामांत उंदीर मारणारी जी साधी आखूड केसांची मांजरं होती, त्यांतली निवडून ही जात केली. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने मोठं मांजर-प्रदर्शन भरवलं, तिथून या जातीचं नाव पुढे आलं. म्हणजे मुळात आपल्या तांबडीसारखंच, गेटवरचं मांजर. गंमत म्हणजे नंतर लोकांना लांब केसांच्या पर्शियनचं वेड लागलं आणि ही मागे पडली. दोन महायुद्धांत तर पैदाशीसाठी मोजकीच उरली. मग जात टिकवायला पर्शियनशीच संकर केला. म्हणून तोंड आणखी गोल झालं, कधीतरी एखादं पिल्लू लांब केसांचं निघतं, आणि पर्शियनमधला मूत्रपिंडाचा एक आजारही या जातीत आला.

सी-२०१ काकू: मूत्रपिंडाचा?

बी-२०३: हो, पीकेडी. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात. आईबापांपैकी एकात जरी तो दोष असला तरी निम्म्या पिल्लांत उतरू शकतो. लहानपणी काहीच कळत नाही. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून जनुक चाचणी होते. वहिनी, ढब्बूची केली नसेल तर पुढच्या वेळी सोनोग्राफीत मूत्रपिंडं बघून घ्या, आता तो मोठा झालाय, दिसेल.

बी-२०३: आणि काका, तुम्ही म्हणता तो शांतपणा मला या जातीत सगळ्यात जास्त खटकतो. तांबडीला काही झालं तर अख्ख्या सोसायटीला कळतं. ढब्बू आजारी पडला तरी नुसता बघतच बसणार. या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, बोक्यांत जास्त. बाहेरून मांजर धडधाकट दिसतं. कधी एकदम तोंड उघडून धापा टाकायला लागतं, कधी रक्ताची गुठळी अडकून मागचे पाय क्षणात लुळे पडतात, आणि ते किंचाळतं तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळतं. आधी ओळखायचं तर हृदयाची इको सोनोग्राफी हाच मार्ग. तोवर घरी एक करता येतं. तो गाढ झोपला की कुशीकडे बघायचं. वर जाऊन खाली आली की एक श्वास. पूर्ण मिनिटभर मोजायचं, स्वप्नात मिश्या हलवत असेल तेव्हा नाही. तीसच्या आत हवेत. सारखे तीसच्या वर येत असतील तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं.

बी-१०४ मामा: आमच्या बीपीपेक्षा अवघड झालं की ओ हे.

ए-३०२ वहिनी: मोजले गं. फ्रीजवर झोपलाय. लव एवढी दाट की आधी काही हलताना दिसेचना. ट्यूबलाईट बंद करून खिडकीच्या उजेडात एका बाजूने बघितलं तेव्हा कूस दिसली. २२ आले.

बी-२०३: छान. कुठेतरी लिहून ठेवा, आठवड्यातून एकदा बघा. आणि बोका म्हणून आणखी एक: वाळूच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लघवीची नळी तुंबली की एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. आपल्याला वाटतं बद्धकोष्ठ झालंय.

बी-१०४ मामा: परवा ते शिंकूलालं होतं. आमच्या हिनं पॅरासिटामॉलची पाव गोळी द्यायची म्हणत होती. दिली न्हाई.

बी-२०३: मामा, न दिली ते देवानेच वाचवलं त्याला! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. पाव गोळीसुद्धा. सगळ्यांनी लक्षात ठेवा हे. तसंच कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावू नका, काहींत परमेथ्रिन असतं, तेही विषच. घरात लिलीची फुलं ठेवू नका, परागकण चाटले तरी मूत्रपिंडं जातात.

सी-४०१ काका: बाप रे. केसांचं काय? जूनपासून आमच्या जिन्यात राखाडी कापूस उडतोय.

बी-२०३: आठवड्यातून एकदा विंचरायचं, केस गळायच्या दिवसांत दोन-तीनदा. आपल्या पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या असतात, भिजून आला तर टॉवेलने मुळापर्यंत कोरडा करा. दाट लवेत ओल राहिली की नायटा लागायला वेळ लागत नाही, आणि तो माणसालाही लागतो. बाकी बेळगावची थंडी या जातीला मानवते. मार्च-एप्रिलमध्ये फरशीवर पसरेल, पसरू दे.

सेक्रेटरी: वहिनी, बाल्कनीला जाळी आहे ना? आणि जिन्यात सोडणं बंद करा आता, म्हणजे कुणी घालायचा प्रश्नच नाही.

ए-३०२ वहिनी: जाळी आहे. दाराचं बघते, मुलं शाळेतून आली की उघडं टाकतात.

बी-२०३: घरात खेळवा पण त्याला. दोरीला पीस बांधून दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. उचलून कडेवर घेऊ नका फार, या जातीतल्या बऱ्याच मांजरांना पाय जमिनीवरून सुटलेले आवडत नाहीत. शेजारी येऊन बसतो ना? तेवढीच त्याची माया.

ए-४०३: ताई, ग्रुपवर विषय निघालाच आहे तर विचारतो. एक जण कोल्हापूरहून ब्रिटिशचं पिल्लू देतोय. राखाडी आहे, फोटो टाकतो. सव्वा महिन्याचं. घ्यायचं का?

बी-२०३: दादा, राखाडी म्हणजे ब्रिटिश नव्हे. काळा रंग फिका करणारं जनुक आईबाप दोघांकडून आलं की राखाडी होतं, गल्लीतल्या मांजरातही. थायलंडची कोरात राखाडी, रशियन ब्लू राखाडी. आणि ब्रिटिशमध्ये काळी, पांढरी, रुपेरी पट्ट्यांची सगळी असतात. फोटोत याचं नाक लांब, कान मोठे, अंग सडपातळ दिसतंय. पिल्लू आहे म्हणून खात्रीने नाही सांगत, पण मला तरी आपलं साधं मांजर वाटतंय. साधं असेल तर उलट चांगलंच, फक्त पैसे कशाचे घेतोय ते बघ.

ए-४०३: आणि ब्रिटिश निघालं तर? पुढे आमच्या मेहुण्याकडच्या भाटीशी जोडी लावता येईल. पिल्लं हजारांत जातात म्हणे.

बी-२०३: त्याआधी दोघांचा रक्तगट बघावा लागेल. या जातीत बी गट बराच सापडतो. आई बी आणि बाप ए असेल तर ए गटाची पिल्लं आईचं पहिलं दूध पिऊनच मरतात, चांगली जन्मलेली दोन दिवसांत जातात. आधी एवढंच विचार त्याला: आईबाप बघायला मिळतील का, दोघांचा पीकेडीचा रिपोर्ट आहे का, वंशावळीचा कागद आहे का, लस कधी दिली. आणि सव्वा महिन्याचं पिल्लू आईपासून तोडायचंच नसतं, बारा-तेरा आठवडे तरी हवेत.

ए-४०३: विचारलं. म्हणतो आईबाप गावाकडे आहेत, रिपोर्ट-बिपोर्ट काही नाही, लस तुम्हीच द्या. रविवारी बसस्टँडवर आणून देतो म्हणतोय.

बी-२०३: मग नको घेऊ.

ए-४०३: पाचशे ॲडव्हान्स दिलेत पण.

बी-२०३: पाचशेच गेले.