बाटलीच्या चिठ्ठीवरून शिकलेलं जर्मन

जर्मन शिकणाऱ्या कुणाची तक्रार असेल की ए१ म्हणजे पहिली पातळी झाली, डेअर-डी-डास ही नामाचं लिंग दाखवणारी उपपदं पाठ आहेत, तरी समोरचा बोलला की काहीच कळत नाही, तर त्यांनी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या साइटवरच्या हळू वाचलेल्या बातम्या जरूर ऐकाव्यात, फुकट आहेत, खाली मजकूरही असतो. पण मला खरा फायदा झाला तो रोजच्या जगण्यावरच्या व्हिडिओंचा. प्फांड म्हणजे बाटलीचं डिपॉझिट हे तिथेच कळलं, पाण्याची प्लास्टिकची रिकामी बाटली जर्मनीत सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये आडवी सरकवायची, ती गोल फिरते, २५ सेंट जमा, बटण दाबलं की चिठ्ठी येते ती कॅशियरला द्यायची. डी फ्लाशे (बाटली), डेअर आउटोमाट (मशीन), डेअर प्फांडबोन (चिठ्ठी), ही लिंगं मला घोकावी लागलीच नाहीत, चित्रासकट डोक्यात बसली. आणि सबटायटल लावायचेच तर जर्मन लावा, इंग्रजी नकोच.