बेस कमी वाटतोय? पैसे काढण्याआधी फट बुजवा

मंद्र (धागाकर्ता):
"स्वस्तातला, पण दणदणीत बेसचा हेडफोन सुचव" असं ओळखीतलं कोणी ना कोणी मला सतत विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. हातातल्या हेडफोनचा बेस बहुतेक वेळा कानापर्यंत पोचतच नाही, वाटेतच गळतो. आधी ती गळती थांबवा, मग नव्याचं बघा.

आत्ताच करून बघा. किक ड्रम किंवा बेस गिटार ठळक असलेलं काहीही लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलकेच दाबा. बेस एकदम भरून आला तर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणाऱ्या आतल्या भागात, दम आहे, गादी नीट बसत नाही एवढंच. बंद कपाच्या हेडफोनमध्ये पडदा, गादी आणि कान यांच्यात थोडी हवा कोंडलेली असते. पडदा सावकाश मागेपुढे होतो, त्या हवेचा दाब बदलतो आणि खालचे सूर ऐकू येतात. फट असली की सावकाश बदलणाऱ्या दाबाला निसटायला वेळ मिळतो. वरच्या सुरांना तो मिळत नाही. म्हणून फटीतून जातो तो नेमका बेसच.

माझ्या बाबतीत फट पाडत होती चष्म्याची काडी. दोन वर्षं मी त्या हेडफोनचा आवाज पातळ आहे असं धरून चाललो होतो. एका रात्री डोळे चुरचुरले म्हणून चष्मा काढून ठेवला, आणि जे गाणं शंभरदा ऐकलं होतं त्यात बेस गिटारचा सर्वात खालचा ४१ हर्ट्झचा (सेकंदाला ४१ कंपनांचा) सूर पहिल्यांदा छातीशी आल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी गाद्या उतरवल्या, आतल्या बाजूची शिवण बोटभर उसवली, काडी जिथून जाते तिथल्या स्पंजला आडवी खाच पाडली आणि परत शिवून टाकलं. आता काडी खाचेत बसते आणि रेक्झिन गालाला टेकून राहतं. गादीचे पोपडे निघाले असतील किंवा स्पंज बसला असेल तर नवी जोडी घ्या. बेस हवा असेल तर रेक्झिनची घ्या, कारण मखमली गादीतून हवा आरपार जाते.

आणि नवा घ्यायचाच असेल तर खोक्यावरच्या ड्रायव्हरच्या ४० किंवा ५० मिलिमीटरच्या आकड्याला भुलू नका. डोक्यावर नीट बसणारा बंद कपाचा हेडफोन बघा.

तरंग:
फटीबद्दल सहमत, पण कात्री आणि सुईदोऱ्यापर्यंत जायचं कशाला? इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायची सोय, फुकट आहे. विंडोज संगणकावर इक्वलायझर एपीओ हा प्रोग्रॅम टाका, १०० हर्ट्झच्या आसपास लो शेल्फ (त्याखालचे सगळे सूर एकत्र उचलणारं फिल्टर) लावा, ५-६ डेसिबल उचला. जितकं उचलाल तितकं प्रीअँप, म्हणजे त्याच प्रोग्रॅममधली एकूण आवाजाची पातळी, खाली आणा, नाहीतर आवाज फाटतो आणि लोक दोष हेडफोनला देतात. याक्को पासानेन यांच्या ऑटोइक्यू या संग्रहात शेकडो हेडफोनसाठी इक्वलायझरची तयार सेटिंग्ज आहेत, त्यात स्वस्तातलेही भरपूर. नाही आवडलं तर एका टिचकीत मूळपदावर. कापलेला स्पंज मूळपदावर येत नाही. नवख्या माणसाला हेडफोन उघडायला सांगणं मला पटत नाही.

मंद्र:
फट तशीच ठेवून इक्वलायझर लावणं म्हणजे गळक्या बादलीखाली नळ मोठा सोडणं. ६ डेसिबल उचलले की पडद्याला दुप्पट हलावं लागतं, १२ उचलले की चौपट. साध्या ड्रायव्हरचा पडदा तिथे थकतो आणि बेसऐवजी भरभर ऐकू येते. शिवाय फट स्थिर नसते. मान वळवली, जबडा हलला, की गळती बदलते. मग तुमचे ६ डेसिबल नेमके कुठल्या गळतीवर बेतलेले?

कात्री_चिकटपट्टी:
दोघेही कपावरच्या छिद्रांबद्दल बोलत नाही आहात, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. भोक दिसलं की ते बुजवलं म्हणजे बेस वाढेल, असा समज आहे. बंद कपाच्या साध्या हेडफोनमध्ये बरेचदा उलटं होतं. मागचं छिद्र बुजवलं की मागची हवा ताठ स्प्रिंगसारखी पडदा अडवते आणि बेस घटतो. बायरडायनॅमिकने २०१२ मध्ये कस्टम वन प्रो काढला, त्याच्या कपावर चार पायऱ्यांची सरकपट्टी होती. छिद्रं उघडत जा, बेस वाढत जातो.

कानात घालायच्या इअरफोनची गोष्ट वेगळी. त्यांच्या नळीच्या बाजूला, म्हणजे पडद्याच्या पुढच्या अंगाला छिद्र असेल तर त्यावर मलमपट्टीच्या कागदी टेपचा तुकडा लावला की बेस वाढतो, कारण ती पुढची गळती आहे. मागच्या अंगाचं बुजवलं तर घटतो. छिद्र कुठल्या बाजूचं हे कळल्याशिवाय टेप हातात घेऊच नका. आणि त्याआधी रबरी टोपी एक माप मोठी लावून बघा. निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं असा माझा अनुभव आहे.

ड्रायव्हरच्या पाठीला पातळ कागदाची किंवा फेल्टची चकती असते. ती खरवडून काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मी एकदा काढली. बेस वाढला, पण प्रत्येक ठोका ओल्या पोत्यावर पडल्यासारखा लोळायला लागला. चकती पडद्याला आवर घालत होती. परत चिकटवली तेव्हा डावा कप उजव्यापेक्षा दबका झाला तो झालाच. तेव्हापासून काहीही केलं की एकच आवाज दोन्ही कानांना सारखा देऊन तपासतो. गाणारा बरोबर मध्यभागी उभा वाटला पाहिजे. एका बाजूला सरकला तर दोन्ही बाजूंचं काम सारखं झालेलं नाही.

नवा_वाचक:
माझा ब्लूटूथचा आहे, बाहेरचा गोंगाट कापणारा. त्याच्या कपावर चार-पाच बारीक छिद्रं आहेत. त्यातली कुठली उघडू?

कात्री_चिकटपट्टी:
एकही नको. त्यातल्या काहींमागे माइक असतात आणि गोंगाट कापायचं सगळं गणित त्यांवर चालतं. तुमच्यासाठी ॲपमधला इक्वलायझर आणि चांगल्या गाद्या.

खुला_कप:
मला मूळ मागणीच तपासून घ्यावीशी वाटते. "बेस कमी आहे" म्हणणारे बरेच जण आवाज हळू ठेवून ऐकत असतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज हळू असला की खालचे सूर कानाला आणखी हळू लागतात. मग माणूस बेस वाढवतो, पुढे गाणं चढवतो, आणि आता बेस अंगावर येतो म्हणून पुन्हा गोंधळतो. दुसरा धोका कानाचा. वाढवलेल्या बेसची चटक लागली की आवाजाचा काटा आपोआप वर सरकतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. माझ्या एका कानात शिट्टी वाजत असते, म्हणून हे पोटतिडकीने लिहितोय.

आणि बंद कपच का? कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून मिळतो, उघडा आहे, म्हणजे त्याची पाठ बंद नाही, कानावर नुसता टेकतो, तरी त्याच्या बेसला कोणी पातळ म्हणत नाही.

मंद्र:
कानाबद्दलचं तुमचं म्हणणं मी धाग्यातच लिहायला हवं होतं, ते राहिलं. पण बघा, फट बुजली की त्याच बेससाठी काटा खाली आणता येतो, म्हणजे माझा उपाय तुमच्याच बाजूचा आहे. पोर्टा प्रोचा बेस मलाही आवडतो. पण तो ठोक्याचा बेस आहे, शंभर हर्ट्झच्या आगेमागे फुगलेला. ४० हर्ट्झच्या खाली उघडा हेडफोन सहसा उतरत जातो. कोणाला कुठला बेस हवा आहे हे आधी विचारायला हवं, एवढं मान्य.

सोल्डर:
वायरमध्ये ७५ ते १०० ओहमचा रोध (रेझिस्टर) घाला. ज्या हेडफोनची इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) बेसच्या जागी चढते त्यांत तिथला आवाज उठतो. खर्च नगण्य, आणि हेडफोन उघडावा लागत नाही.

तरंग:
उठतो तो ड्रायव्हरच्या अनुनादाच्या जागीच, म्हणजे ज्या सुराला पडदा आपसूकच जास्त हलतो तिथेच, आणि आवर सुटल्यामुळे तिथे घुमतो. एकूण आवाजही घटतो. किती उठवायचं आणि कुठे, यातलं काही तुमच्या हातात राहत नाही. इक्वलायझरवर मी १०५ हर्ट्झ म्हटलं की १०५ हर्ट्झच.

सोल्डर:
फोनला थेट जोडणाऱ्याकडे इक्वलायझर नसेल तर? सगळे संगणकासमोर बसून ऐकत नाहीत.

तरंग:
फोनसाठीही इक्वलायझरची ॲप्स आहेत. असो. मंद्र, काल तुमच्या म्हणण्याची परीक्षा घेतली. ३० हर्ट्झचा साधा सूर लावला. चष्मा घालून तो जेमतेम जाणवत होता, चष्मा काढला तर स्पष्ट. पण मध्येच उजव्या कपात भर्र ऐकू यायला लागलं. गादी काढली तर जाळीतून आत गेलेला एक केस पडद्याला टेकला होता. चिमट्याने काढला, आवाज साफ. गेले सहा महिने ही भरभर मी इक्वलायझरचे डेसिबल कमी करून दाबत होतो.

माझं मत तरी तेच. आता चष्म्यासकट ४ डेसिबल आणि चष्म्याशिवाय २, अशी दोन सेटिंग्ज जपून ठेवली आहेत. गादी कापणार नाही.

मंद्र:
दोन सेटिंग्ज लागतात, म्हणजे मधली फट तुम्ही रोज मोजताय. पातळ काडीचा चष्मा वापरून बघाल का? त्याला तर कात्री लागत नाही.