धमकीपुढे जग नेहमीच गप्प बसत नाही

विषारी वायू किंवा अणुबॉम्बची धमकी आली की सगळे देश शेपूट घालतात, असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. १९८८ मध्ये इराकच्या सद्दाम हुसेनने आपल्याच देशातल्या हलब्जा या कुर्द गावात विषारी वायू सोडला होता, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्याने कुवेत गिळल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २९ नोव्हेंबर १९९० ला ठराव ६७८ केलाच: १५ जानेवारीपर्यंत निघा, नाहीतर बळाचा वापर. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यावेळी अडलं ते नकाराधिकारावर (व्हेटोवर), कारण हल्ला करणारा रशियाच परिषदेचा कायम सदस्य.

आमचे निपाणीचे मामा १९९० मध्ये, इराकने कुवेत घेतलं तेव्हा, तिथेच होते. वाळवंटातून बसने अम्मान, तिथून विमानाने मुंबई. आजी रोज रात्री रेडिओला कान लावून बसायची. मामा आले ते एका पिशवीनिशी; साठवलेल्या दिनारांची पुडकी तिकडेच कवडीमोल झाली होती.