३०४ मधल्या रायफलबद्दल

ए-२०१: नमस्कार सगळ्यांना. विचारू की नको असं दोन दिवस चाललं होतं, शेवटी विचारतेच. शनिवारी सकाळी मुलाला स्कूलबसला सोडायला निघाले तर लिफ्टमध्ये ३०४ मधली ताई होती, हातात लांबलचक काळी पेटी. मुलाने विचारलं, "यात गिटार आहे?" ती म्हणाली, "नाही रे, रायफल आहे." अगदी प्रेमाने बोलली, तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण खाली पोहोचेपर्यंत मी मुलाचा हात घट्ट धरून उभी होते. आपल्या इमारतीत खरी बंदूक आहे का? आणि असेल तर कुणाला माहीत होतं का?

सी-१०४: मलाही हे आत्ताच कळतंय. सेक्रेटरी साहेब, याला सोसायटीची परवानगी नको का?

सेक्रेटरी: शस्त्राचा परवाना सोसायटी देत नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही. ते काम पोलीस आयुक्तांचं, आयुक्तालय नसेल तिथे जिल्हाधिकाऱ्यांचं. अर्जाच्या वेळी पोलीस चौकशीला आले होते, त्यामुळे मला माहीत होतं. ग्रुपवर मुद्दाम टाकलं नाही. कुणाच्या घरात काय आहे हे जाहीर करणं मला बरोबर वाटलं नाही. आता विषय निघालाच आहे तर ३०४ च्या दादांनीच सांगावं.

डी-५०३: मला तर उलट बरं वाटलं. रात्री-अपरात्री चोर शिरले तर इमारतीत एक तरी बंदूक आहे.

बी-३०४: २०१ च्या वहिनी, सरळ विचारलंत हे फार चांगलं केलंत. खरं तर आम्हीच आधी सांगायला हवं होतं. सविस्तर लिहितो, मोठं होईल.

आधी ५०३ ला. तो विचार मनातून काढून टाक. ही रायफल राखणीसाठी नाही. रात्री कुणी दार ठोठावलं तर आम्हीही तुमच्यासारखाच ११२ ला फोन लावणार. ती बंद कपाटात असते, काडतुसं दुसरीकडे असतात. भरलेली बंदूक उशाशी घेऊन झोपणारं हे घर नाही, आणि तशी वेळ आमच्यावर येऊ नये.

आता रायफल कशाला. लेक नेमबाजीतला ५० मीटर थ्री पोझिशन हा प्रकार खेळते. गुडघ्यावर बसून २०, पालथं झोपून २०, उभं राहून २०, अशा ६० गोळ्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. त्या दिवशी याच ग्रुपवर तिरंगे पडत होते आणि आमच्या घरात तिघेही रडत होतो. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ साधारण १ सेंटिमीटरचं असतं. तिथे नेम लागायचा तर श्वास, नाडी, पायाचा अंगठा, सगळं जागच्या जागी लागतं. डोक्यात राग घेऊन ते जमत नाही. ज्या दिवशी भांडून जाते त्या दिवशी तिचे गुण पडतात.

ही .२२ ची रायफल आहे. एका वेळी एकच काडतूस, तेही हाताने आत सरकवायचं. सिनेमात दिसते तशी धडाधड चालणारी नाही. पण खेळातली म्हणून ती खेळणं आहे असंही मी म्हणणार नाही. तिची गोळी माणसाचा जीव घेऊ शकते आणि १ किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. म्हणूनच तिला परवाना लागतो.

सी-१०४: पण नेमबाजीच्या क्लासला जाणारी शाळेतली मुलंही बंदुकी चालवतात ना? त्यांना कुठे परवाना असतो?

बी-३०४: ती एअर रायफल. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्णपदक जिंकलं ती. दाबाच्या हवेवर चालते, त्यात दारू नसते. १० मीटरवरून ४.५ मिलिमीटरचा छर्रा. स्पर्धेतल्या तशा एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. डोळ्याला मात्र तीही कायमची इजा करू शकते, म्हणून रेंजवर तिलाही तीच शिस्त.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा, सध्याचे नियम २०१६ चे. वयाची २१ पूर्ण हवीत. पोलिसांचा अहवाल, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, हाताळणीचं प्रशिक्षण, सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी. काडतुसांची खरेदी नोंदवली जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन होती. वरातीत हवेत बार काढले तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही त्याच दुरुस्तीत आलं. हे फार आधी यायला हवं होतं. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येतेच.

ए-२०१: दादा, नियम वाचून थोडं बरं वाटलं. पण खरं सांगू? भीती नियमांची नाहीच. त्या वस्तूची आहे. तिचं काम काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

बी-३०४: वहिनी, ती भीती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. मलाही होती. लेक चौदा वर्षांची असताना तिला पहिल्यांदा रेंजवर सोडायला गेलो. पहिल्या आवाजाला इतका दचकलो की पाण्याची बाटली हातातून पडली. तिथून तिला परत आणायचं असंच ठरवलं होतं.

तिथे काय पाहिलं ते सांगतो. मध्येच सूचना आली, "स्टॉप." क्षणात सगळा आवाज थांबला. प्रत्येकाने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग, उघडला, नळीतून केशरी रंगाची दोरी आरपार घातली आणि एक पाऊल मागे सरकला. नळीत ती दोरी घालायची म्हणजे आत काडतूस नाही हे लांबूनही सगळ्यांना दिसतं. पुढे कुणीतरी लक्ष्याजवळ दुरुस्ती करत होतं. तो परत येईपर्यंत एकानेही बंदुकीला बोट लावलं नाही. मी फोटो काढायला जरा पुढे सरकलो तर दहा-अकरा वर्षांची एक चिमुरडी मला म्हणाली, "काका, रेषेच्या पुढे जायचं नाही." मी मागे झालो. भीती गेली नाही, पण ही सगळी माणसंही त्या वस्तूला घाबरून वागतात, आणि त्या घाबरण्यालाच त्यांनी नियमात बांधलंय, हे तेव्हा कळलं.

डी-५०३: दादा, मघाशी मी उगाच बोललो. बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन बसलेल्या माजी सैनिकाजवळून आपण रोज जातो, कधी काही वाटत नाही. तेही मनात आलं.

बी-३०४: कारण तो ओळखीचा झालेला असतो. त्याच्या खांद्यावरची बंदूक आपण बघणंच सोडून देतो. ते तरी बरोबर आहे का, माहीत नाही. वहिनींनी बघितली आणि विचारलं, ते मला जास्त बरं वाटतं.

ए-४०२: मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. आज लिहिते. आमचं गाव कोकणातलं. शेतीच्या राखणीला घरात ठासणीची बंदूक होती. वानर आणि डुक्कर यांनी नको केलं होतं. परवाना होता, सगळं रीतसर होतं. निवडणूक आली की वडील ती पोलीस ठाण्यात जमा करून येत, तेही कधी चुकलं नाही. एकदा रात्री वडील बार ठासून रानात बसले, डुक्कर काही आलं नाही. ठासलेला बार काढायचा तर सहसा उडवूनच काढावा लागतो. पहाटे सगळे झोपलेले, म्हणून त्यांनी तशीच आणून पडवीत भिंतीला टेकवली. सकाळी ते आंघोळीला गेले. माझा मोठा भाऊ पडवी झाडत होता. झाडू लागला असेल, ती सरकली. मी चुलीपाशी होते. मला वाटलं भांडं पडलं.

भाऊ सतरा वर्षांचा होता. वडील त्यानंतर वीस वर्षं जगले, पण पडवीत कधी बसले नाहीत.

दादा, तुमच्या मुलीचं मला कौतुक आहे. सणाला वाकून नमस्कार करते. पण ती पेटी दिसली की माझे हात गार पडतात.

ए-२०१: काकू 🙏 मला काहीच माहीत नव्हतं.

सेक्रेटरी: काकू 🙏

बी-३०४: काकू, मेसेज दोनदा वाचला. लेकीलाही वाचायला दिला. ती गप्पच झाली आहे.

तुम्हाला पटवून द्यायला मी काही लिहिणार नाही. तुमची भीती ऐकीव नाही, तुम्ही ती पाहिलेली आहे. फक्त एवढं सांगतो, जे तुमच्या घरी घडलं ते घडू नये म्हणूनच आमच्याकडचा प्रत्येक नियम आहे. आमच्या घरात "रिकामीच आहे" हे वाक्य चालत नाही. लेक रायफल कपाटातून काढते तेव्हा बोल्ट उघडून नळीतून प्रकाश बघते. दोन मिनिटांपूर्वी बघितलं असेल तरी पुन्हा बघते. दुसऱ्याच्या हातात देताना उघडून, त्याला दाखवून देते. नळी कधीच माणसाकडे नाही, भिंतीपलीकडे माणूस असेल तर त्या भिंतीकडेही नाही. बोट चापावर शेवटच्या क्षणापर्यंत नाही. भिंतीला टेकवून ठेवणं तर बंदच. वडिलांना हे कुणी शिकवलं नव्हतं काकू. तेव्हा बंदूक मिळायची, शिकवण मिळत नव्हती.

डी-२०२ (डॉक्टर): सगळं वाचतेय. एक प्रश्न आहे, तो अवघड आहे, तरी विचारते. मला चोराची भीती वाटत नाही आणि अपघाताचं तुम्ही छान सांगितलंत. माझी काळजी निराळी. परदेशातल्या कित्येक अभ्यासांत हे दिसलंय की घरात बंदूक असली की आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढतो. टोकाचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. तो वेळ निभावला तर माणूस वाचतो, पुढे चांगला जगतो. पण हाताशी बंदूक असली तर तो वेळच मिळत नाही. खेळाडूंवर ताण किती असतो हे मी रोज बघते. घरात कुणी खचलं तर काय, हे ठरवलंय का?

बी-३०४: डॉक्टर, हा प्रश्न आम्हाला तिच्या प्रशिक्षकांनीच पहिल्यांदा विचारला होता. तेव्हा मला राग आला होता. आता त्यांचे उपकार मानतो.

ठरवलंय ते असं. कपाटाला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली तिच्याकडे, दुसऱ्याची आमच्याकडे, म्हणजे एकट्याला उघडता येत नाही. किल्ल्या कुठे असतात ते इथे लिहिणार नाही, समजून घ्या. बोल्ट काढून वेगळा ठेवलेला असतो, त्याशिवाय ती चालत नाही. घरी ती फक्त कोरडा सराव करते, म्हणजे काडतुसाशिवाय उभं राहणं, नेम धरणं, चाप ओढणं. काडतुसांची पेटी तेव्हा बंदच असते.

आणि घरात कुणाचाही काळ वाईट असेल, तिचा, माझा, हिचा, तर रायफल रेंजच्या शस्त्रागारात जाते. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. मागच्या वर्षी माझी नोकरी गेली होती. तीन महिने रायफल तिकडेच होती. हे मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगतोय.

डी-२०२ (डॉक्टर): इतकं मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. माझ्या डोक्यातलं ओझं उतरलं. आता कसे आहात?

बी-३०४: आता ठीक. जूनपासून नवीन काम आहे.

सी-१०४: दादा, मी सकाळी परवानगीचं जरा तिरकस विचारलं होतं. मनावर घेऊ नका. एकच, वर्तमानपत्रात रोज गोळीबाराच्या बातम्या असतात, त्या बघून डोकं फिरतं.

बी-३०४: त्यात बहुतेक ठिकाणी गावठी कट्टे असतात, विनापरवाना. त्यांची कुणाकडे नोंद नाही, कुलूप नाही. त्याची चीड मला तुमच्याइतकीच येते. पण परवान्याच्या बंदुकीनेही माणसं मेली आहेत, हे काकूंनी सांगितल्यावर मी परवान्याचा कागद ढालीसारखा पुढे करणार नाही.

ए-२०१: दादा, माझ्या मुलाला काय सांगू? परवापासून "ताईची रायफल बघायची" चाललंय.

बी-३०४: दाखवणार नाही म्हणून सांगा. आमच्या घरी पाहुण्यांना दाखवायची पद्धत नाही, मुलांना तर नाहीच. बघायचीच असेल तर रविवारी रेंजवर या, कानाला संरक्षण लावून, रेषेच्या मागे उभं राहून. आणि त्याला आजच तीन गोष्टी शिकवा. कुठेही, कुणाच्याही घरी बंदूक दिसली, अगदी खेळण्यातली वाटली तरी, हात लावायचा नाही. तिथून लगेच निघायचं. मोठ्या माणसाला सांगायचं. आमच्या घरासाठीच नाही, जन्मभरासाठी उपयोगी आहे.

ए-२०१: शिकवते. रविवारचं विचार करून कळवते. अजून धीर होत नाहीये.

बी-३०४: घाई नाही वहिनी. नाही आलात तरी काही वाटणार नाही.

ए-४०२: दादा, शनिवारी ती किती वाजता निघते?

बी-३०४: पावणेसातला, काकू. स्पर्धा जवळ आली की बुधवारीही.

ए-४०२: मी तेव्हाच फिरायला खाली उतरते. बरं, मी जिन्याने जात जाईन.

बी-३०४: काकू, लेक इथेच बसली आहे. ती म्हणते, गुडघे तुमचे दुखतात, माझे नाही. पेटी ती जिन्याने उतरवेल. तुम्ही लिफ्टनेच जा.

ए-४०२: तिला म्हणावं, जिन्यात दिवा लावून उतर. दुसऱ्या मजल्यावर अंधार असतो.