एन्केफॅलिन, सबस्टन्स पी, सीजीआरपी: रिसेप्टर एकाच घराण्यातले, मग पेशीत परिणाम उलटसुलट का?

ऐरोलीची_मुग्धा
ठाण्यात एम.एस्सी. पार्ट वनला आहे. पुढच्या आठवड्यात सेमिनार, विषय मेंदूतली न्यूरोपेप्टाइड्स (चेतापेशी निरोप द्यायला सोडतात त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) आणि त्यांचे रिसेप्टर (पेशीपटलावरची, तो निरोप घेणारी प्रोटीन्स). गाडीत वाचायला घेते, तर पान संपायच्या आत ठाणं येतं आणि गुंता तसाच राहतो. एन्केफॅलिन पेशीतलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा छोटा रेणू) कमी करतं. सीजीआरपी तेच वाढवतं. सबस्टन्स पी मुख्यतः कॅल्शियमच्या वाटेने जातं. तिघांचे रिसेप्टर पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारे, तिघेही जी-प्रोटीनवाले, म्हणजे पेशीच्या आतल्या जी-प्रोटीनमार्फत सिग्नल देणारे. मग ठरवतं कोण, पेप्टाइड की रिसेप्टर?
दुसरं म्हणजे, पेप्टाइड चिकटल्यावर रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो आणि सिग्नल संपतो, असं नोट्समध्ये आहे. मॅडम म्हणतात, नेहमी संपत नाही. कुलूप-किल्लीच्या चित्राने यातलं काहीच सुटत नाहीये.

येऊरचा_पळपुट्या
रोज सकाळी येऊरला पळून आल्यावर जे बरं वाटतं ते याच खात्यातलं ना? बसतो वाचत. जाणकारांनी लिहा.

टायरोड_नौपाडा
मुग्धा, बहुतांशी रिसेप्टर ठरवतो. पेप्टाइड बाहेरच चिकटतं. ते चिकटलं की रिसेप्टरच्या सात पट्ट्यांपैकी सहावा आतल्या टोकाशी बाजूला सरकतो आणि तिथे खाच उघडते. त्या खाचेत ज्या जी-प्रोटीनचं शेपूट नीट बसतं ते जीडीपी सोडून जीटीपी धरतं, म्हणजे चालू होतं, आणि मग त्याचा अल्फा भाग एकीकडे, बीटा-गॅमाची जोडी दुसरीकडे. सीजीआरपीच्या रिसेप्टरला जीएस नावाचं जी-प्रोटीन मानवतं, म्हणून एएमपी वाढतं. एन्केफॅलिनच्या रिसेप्टरला जीआय, म्हणून ते कमी होतं. सबस्टन्स पीच्या एनके-१ रिसेप्टरला प्रामुख्याने जीक्यू: त्यातून फॉस्फोलायपेज सी हे एन्झाइम, मग आयपी-३ हा छोटा रेणू, आणि आयपी-३ पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतं.

मी फार्माकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये आयुष्य काढलं, त्यामुळे मला हे काजळीच्या कागदावर (काजळी धरलेला फिरता कागद, त्यावर तरफेची रेघ उमटते) दिसतं. गिनीपिगच्या आतड्याचा बोटाएवढा तुकडा टायरोडच्या द्रावणात (क्षारांचं पाणी), तापमान ३७ अंश, खालून हवेचे बुडबुडे, वरच्या टोकाला दोरा आणि तरफ. हिस्टामिनचा थेंब पडला की तरफ काजळी खरवडत पांढरी रेघ ओढत चढायची. ती चढणही जीक्यू, आयपी-३ आणि कॅल्शियमचीच. सबस्टन्स पी सापडलं ते याच पद्धतीने. १९३१ साली लंडनमध्ये ऑयलर आणि गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूचा आणि आतड्याचा अर्क सशाच्या आतड्यावर टाकला. अ‍ॅट्रोपिन देऊनही, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम अडवूनही, ते आकसायचं थांबेना, म्हणजे हे अ‍ॅसिटिलकोलीन नव्हे, वेगळंच काही आहे, हे कळलं. १९७५ साली अ‍ॅबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी उलटा खेळ पाहिला. विजेच्या झटक्यांवर उड्या मारणारा तुकडा डुकराच्या मेंदूतल्या अर्काने मंदावला आणि मॉर्फिनचा परिणाम तोडणारं नॅलॉक्सोन टाकताच पुन्हा उडायला लागला. ते एन्केफॅलिन, जेमतेम पाच अमिनो आम्लांचं.

आता हा तुकडा मंदावला कशाने? सेमिनारमध्ये सगळे ‘एएमपी कमी झालं’ म्हणून खाली बसतात. ते खरं आहे, पण चेतापेशी झटपट गप्प होते ती मुख्यतः बीटा-गॅमाच्या जोडीमुळे. ही जोडी पोटॅशियमच्या जीआयआरके वाहिन्या उघडते आणि चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियमच्या एन-टाइप वाहिन्या आवळते. कॅल्शियम आत येत नाही, म्हणून अ‍ॅसिटिलकोलीन सुटत नाही, म्हणून स्नायू आकसत नाही. बीटा-गॅमाला एक अख्खी स्लाइड दे. पुस्तकांनी उगाच त्याला अल्फाचा हमाल करून ठेवलंय.

सीजीआरपीची गंमत आणखी वेगळी. त्याचा रिसेप्टर, सीएलआर, एकटा पेशीच्या पृष्ठभागावर धड पोहोचतही नाही. त्याला रॅम्प नावाचं छोटं प्रोटीन सोबत लागतं. हे १९९८ साली कळलं. सोबतीला रॅम्प-१ असेल तर तो सीजीआरपीचा रिसेप्टर, रॅम्प-२ किंवा ३ असेल तर तोच सीएलआर दुसऱ्या एका पेप्टाइडचा, म्हणजे अ‍ॅड्रिनोमेड्युलिनचा. म्हणजे नुसता ‘रिसेप्टर’ हे उत्तरही पुरत नाही, त्या पेशीने सोबत कोण दिलंय तेही बघावं लागतं.

पेप्टाइडला अगदीच मत नसतं असंही नाही. एन्केफॅलिन आणि मॉर्फिन दोन्ही धरणाऱ्या त्याच म्यू रिसेप्टरला एन्केफॅलिन चिकटलं तर तो भराभर आत ओढला जातो, मॉर्फिन चिकटलं तर फारसा नाही.

यावरून तुझा दुसरा प्रश्न. जीआरके नावाची एन्झाइम्स रिसेप्टरच्या शेपटावर फॉस्फेट चढवतात, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रोटीन येऊन बसतं आणि जी-प्रोटीनला जागा उरत नाही. पृष्ठभागावरचा सिग्नल इथे मंदावतो. आमच्याकडे मुलं घाईने लागोपाठ डोस टाकायची आणि रेघ दर वेळी ठेंगणी यायची, ते याच जातीचं. पण आत ओढलेला रिसेप्टर एंडोसोमच्या पिशवीत बसून काम करू शकतो, आणि एनके-१ आणि सीजीआरपी या दोन्हींत हे दिसलेलं आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत एंडोसोमपर्यंत पोहोचेल असं बनवलेलं एनके-१ रोधक जास्त वेळ वेदना दाबून ठेवतं. माणसांत साधी एनके-१ रोधकं वेदनेवर सपशेल पडली, अ‍ॅप्रेपिटंट केमोच्या उलट्यांवर मात्र उत्तम चाललं. पडण्याचं एक कारण हे असू शकतं, पण परीक्षकासमोर ते सिद्ध झाल्यासारखं बोलू नकोस.

पळपुटेराव, तुमचं खातं हेच, पण पळण्याच्या आनंदात एंडोकॅनाबिनॉइडचाही (शरीर स्वतः बनवतं ती गांजासारखी द्रव्यं) मोठा हात असल्याचं आता मानतात, आणि ती पेप्टाइड्स नव्हेत.

वाशी_सेक्टर_सतरा
आईला मायग्रेन आहे म्हणून विचारते. सीजीआरपीवर जी इंजेक्शनं निघालीत ती यातल्या कुठल्या पायरीवर काम करतात?

टायरोड_नौपाडा
ताई, अगदी पहिल्या पायरीवर. अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळालेलं एरेनुमॅब रिसेप्टरलाच अडवतं, तर त्याच गटातली दुसरी काही सुटं सीजीआरपी पकडतात. ही अँटिबॉडी, म्हणजे अवाढव्य रेणू, मेंदूत फारसा शिरत नाही. पण डोक्याच्या वेदनेची ट्रायजेमिनल चेतागाठ (चेतापेशींचा पुंजका) मेंदूच्या संरक्षक पडद्याबाहेर आहे, तिथे तो पोहोचतो. आईंना द्यायचं की नाही ते न्यूरॉलॉजिस्टना विचारा. मी आतड्याच्या तुकड्यांचा माणूस.

ऐरोलीची_मुग्धा
काका, खूप सुटलं. बीटा-गॅमा आणि रॅम्प अशा दोन स्लाइड वाढवते. आता एकच भीती, ‘जीआयच आहे कशावरून?’ असं कोणी विचारलं तर?

टायरोड_नौपाडा
विचारणारच. डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष, परट्युसिस टॉक्सिन, हे उत्तर. ते जीआयच्या अल्फावर एडीपी-रायबोज चिकटवतं, मग रिसेप्टरशी त्याचा संबंधच तुटतो. पेशींना ते आधी काही तास देऊन ठेवायचं आणि मग एन्केफॅलिन टाकायचं. परिणाम गेला तर रस्ता जीआय-जीओचा (जीओ हे जीआयचंच भावंड). जीएस आणि जीक्यूला ते हात लावत नाही. कॉलराचं टॉक्सिन जीएसला चालू स्थितीत अडकवून ठेवतं, तेही सांग. दोन्ही एकाच स्लाइडवर घातलीस तर रंग वेगळे ठेव, परीक्षक हमखास अदलाबदल करून विचारतात.