गडद आकाशावरची पिवळी उडती तबकडी

भिंतीवर अवकाशाचं चित्र रंगवताना काळ्या-निळ्या आकाशावर थेट पिवळा रंग दिल्यावर उडती तबकडी हिरवट, मळकी का दिसते, असं एकाने विचारलंय. पिवळा, केशरी आणि लाल हे अ‍ॅक्रिलिक रंग बरेचसे पारदर्शक असतात. खालचा काळा त्यांतून डोकावतो. रंगाचे हात (थर) वाढवून फारसा फरक पडत नाही. आधी तबकडीच्या आकारात पांढऱ्या इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचे) दोन पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग पिवळा. रोबो, परग्रहवासी, रॉकेटच्या ज्वाळा, सगळ्यांना हेच लागू.

कडा नीट याव्यात म्हणून लावलेल्या मास्किंग टेपखालून रंग झिरपतो त्यावर उपाय: टेप लावून तिच्या कडेवर आधी भिंतीचाच रंग फिरवा. फटी त्यानेच बुजतात. नंतर तबकडीचा रंग लावा आणि तो ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाची साल निघते.

ग्रहांच्या छटा मिसळताना अ‍ॅक्रिलिक फार लवकर वाळतो, म्हणून रंगात ग्लेझिंग मीडियम (रंग पातळ, पारदर्शक करणारं आणि हळू वाळू देणारं मिश्रण) घाला आणि एका वेळी एकच ग्रह घ्या. नुसतं पाणी वाढवलं तर ओघळ येतात.

तारे शेवटी नको, सुरुवातीलाच, आकाश वाळल्याबरोबर उडवा. जुना टूथब्रश, दुधाइतका पातळ पांढरा, आधी कागदावर दोन फटकारे. पहिला थेंब नेहमी नको तेवढा मोठा पडतो!

अंधारात चमकणारा रंगही पांढऱ्यावरच लावा, तीन-चार पातळ हात. काळ्यावर तो जवळजवळ वाया जातो.