मदत हवी आहे: स्प्लिट टनेलिंगमध्ये वगळलेल्या अ‍ॅपचे इंटरनेटच बंद पडते आणि प्रिंटरही सापडत नाही

नमस्कार. मी नुकतीच एक व्हीपीएन सेवा (इंटरनेटची वाहतूक सांकेतिक रूपात, ‘टनेल’मधून, दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी) घेतली असून ती विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड १४ असलेल्या फोनवर वापरत आहे. माझी अपेक्षा अगदी साधी आहे: बाकी सगळी वाहतूक व्हीपीएनच्या टनेलमधून जावी, परंतु दोन गोष्टी तेवढ्या बाहेरून, म्हणजे नेहमीच्या इंटरनेट जोडणीवरून जाव्यात. पहिली गोष्ट बँकेचे अ‍ॅप, कारण व्हीपीएन चालू असताना त्याला दुसऱ्याच देशाचा आयपी पत्ता दिसतो आणि ते लॉगिन नाकारते. दुसरी गोष्ट घरातला वायफाय प्रिंटर. सेवेच्या अ‍ॅपमध्ये स्प्लिट टनेलिंगचा पर्याय आहे, त्यात वगळायच्या अ‍ॅपांची यादीही करता येते. तरीही दोन्हींपैकी एकही काम झालेले नाही.

फोनवर मी बँकेचे अ‍ॅप यादीत टाकले. त्यानंतर ते लॉगिन नाकारत नाही, कारण ते तिथपर्यंत पोहोचतच नाही: पडद्यावर थेट ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असे येते. व्हीपीएन पूर्ण बंद करूनही हीच स्थिती राहते, हे मला सर्वांत चमत्कारिक वाटले. फोन पुन्हा चालू करून पाहिला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकले, उपयोग झाला नाही.

लॅपटॉपवर मी वर्ड यादीत टाकले, कारण छपाई बहुतेक वेळा तिथूनच होते. तरीही प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. व्हीपीएन बंद केले की काही सेकंदांत तो जिवंत होतो आणि रांगेत अडकलेली पाने आपोआप छापून येतात.

हे असे का होते ते समजावे म्हणून मी थोडे वाचन केले आणि कमांड प्रॉम्प्टवर ‘रूट प्रिंट’ ही आज्ञा (कोणत्या पत्त्याकडची वाहतूक कोणत्या वाटेने जाते, याचा तक्ता दाखवणारी) व्हीपीएन बंद असताना व चालू असताना देऊन दोन्ही तक्ते शेजारीशेजारी ठेवून पाहिले. माझी जोडणी ओपनव्हीपीएन प्रोटोकॉलवर आहे. व्हीपीएन चालू झाल्यावर तक्त्यात ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ अशा दोन नव्या ओळी येतात (तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितके कमी पत्ते त्या ओळीत येतात आणि ती तितकी अधिक नेमकी). या दोघी मिळून सगळे आयपीव्ही४ पत्ते व्यापतात आणि मूळच्या ०.०.०.०/० या ओळीपेक्षा त्या अधिक नेमक्या असल्यामुळे त्यांनाच प्राधान्य मिळते, म्हणजे मूळ ओळ न पुसताही सगळी वाहतूक टनेलकडे वळते. युक्ती मला फार आवडली. परंतु माझा प्रश्न इथेच सुरू होतो. घरच्या नेटवर्कची १९२.१६८.१.०/२४ ही ओळ तक्त्यात जशीच्या तशी शाबूत आहे, ती /१ पेक्षा कितीतरी अधिक नेमकी आहे आणि प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.२० आहे. मग ‘अधिक नेमकी ओळ जिंकते’ या नियमाप्रमाणे प्रिंटरकडे जाणारी वाहतूक टनेलमध्ये शिरायलाच नको. मग ती अडते कुठे?

शिवाय घरातल्या आयफोनवर याच सेवेच्या अ‍ॅपमध्ये वगळायच्या अ‍ॅपांची यादी मुळी दिसतच नाही. ती कुठे दडलेली आहे काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण तक्ता तपासलात ते उत्तम केलेत, कारण उत्तर त्यातूनच निघते. तक्ता बरोबर आहे आणि तरीही वाहतूक अडते आहे, याचा अर्थ अडवणारा रस्ता नसून पहारेकरी आहे. बहुतेक सेवा किल स्विचसाठी, म्हणजे टनेल तुटल्यास वाहतूक थांबवण्याच्या सोयीसाठी, विंडोजच्या फायरवॉलमध्ये असा नियम घालतात की टनेलबाहेरून काहीही जाऊ द्यायचे नाही, आणि त्या सरसकट नियमात बिचारा प्रिंटरही सापडतो. सेवेच्या सेटिंग्जमध्ये स्थानिक नेटवर्कला परवानगी देणारा वेगळा पर्याय बहुधा असेल. तो चालू करा.

वर्ड वगळून उपयोग का झाला नाही, याचे कारण मात्र निराळे आहे. वर्ड प्रिंटरशी स्वतः बोलत नाही. ते काम विंडोजच्या प्रिंट स्पूलर या सेवेकडे सोपवते आणि प्रिंटरशी जोडणी होते ती त्या सेवेची. स्प्लिट टनेलिंगची यादी पाहते ती जोडणी करणारी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, कोणती आहे एवढेच. छापा असे कोणी सांगितले, याच्याशी तिला कर्तव्य नसते. यादीतून वर्ड काढून टाकलेत तरी चालेल.

फोनचे कोडे सोपे आहे. अँड्रॉइडच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, सेवेच्या अ‍ॅपमध्ये नव्हे, व्हीपीएनच्या नावासमोरील दातेरी चक्र दाबा. तिथे ‘नेहमी चालू’ आणि त्याखाली ‘व्हीपीएनशिवाय जोडणी रोखा’ अशा अर्थाचे दोन पर्याय आहेत. दुसरा चालू असेल तर वगळलेल्या अ‍ॅपला टनेलमध्ये जागा नाही आणि बाहेर जायला मुभा नाही, अशी त्रिशंकू अवस्था होते. व्हीपीएन बंद केल्यावरही अ‍ॅप अडले होते, त्याचा उलगडाही हाच. हा पर्याय बंद करा. मात्र त्यानंतर टनेल तुटल्यास फोन वाहतूक थांबवणार नाही, हे लक्षात असू द्या.

आयफोनवर यादी दडलेली नाही, ती नाहीच. अ‍ॅपनिहाय व्हीपीएनची सोय अ‍ॅपलने संस्थांनी व्यवस्थापित केलेल्या उपकरणांपुरती ठेवली आहे.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक भर घालतो. स्थानिक नेटवर्कची परवानगी घरीच चालू ठेवा, परक्या वायफायवर ती बंद करा. मे २०२४ मध्ये ‘टनेलव्हिजन’ नावाची त्रुटी उघड झाली, ती आपण वर्णन केलेल्या त्याच नियमावर बेतलेली आहे: नेटवर्क चालवणारा डीएचसीपीच्या (उपकरणांना पत्ते व जोडणीची माहिती आपोआप देणाऱ्या व्यवस्थेच्या) १२१ क्रमांकाच्या पर्यायातून /१ पेक्षा नेमक्या ओळी तक्त्यात घुसवतो आणि वाहतूक टनेलला वळसा घालून निघून जाते, तर व्हीपीएनचे अ‍ॅप मात्र ‘जोडलेले’ असेच दाखवत राहते. अँड्रॉइड हा पर्याय मानतच नाही, म्हणून तो यातून सुटला. विंडोजवर यापासून बऱ्याच अंशी वाचवतो तो फायरवॉलचा तोच नियम, ज्याने आपला प्रिंटर अडवला.

लॅपटॉपवर पुढे एखादे अ‍ॅप वगळलेत तर त्याची डीएनएस विचारणाही (संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता विचारणे) बाहेरून जाईल असे गृहीत धरू नका. विंडोजमध्ये ती विचारणा बहुतेक अ‍ॅपांच्या वतीने एकच सेवा करते, त्यामुळे ती टनेलमधूनच जाऊ शकते.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. स्थानिक नेटवर्कची परवानगी दिली, वर्ड यादीतून काढले आणि व्हीपीएन चालू असतानाच प्रिंटरने चाचणीचे पान दिले. फोनवर तो दुसरा पर्याय खरोखरच चालू होता. पहिल्याच दिवशी ‘सुरक्षित दिसते’ म्हणून मीच तो दाबला असणार. आता बँकेचे अ‍ॅप लॉगिन होते.

एकच खोच उरली होती. पैसे पाठवताना ते अ‍ॅप पडताळणीचे पान ब्राउझरमध्ये उघडते आणि ब्राउझर अर्थातच टनेलमध्ये असतो, त्यामुळे एकाच व्यवहारासाठी बँकेला दोन वेगळे आयपी पत्ते दिसत आणि व्यवहार रद्द होई. मुख्य ब्राउझर वगळण्याची इच्छा नव्हती, म्हणून दुसरा एक ब्राउझर घेतला, तो यादीत टाकला आणि फोनवर तोच आपोआप उघडणारा (डीफॉल्ट) ब्राउझर म्हणून ठरवला. एरवीच्या वापरासाठी जुना ब्राउझर हाताने उघडावा लागतो, आणि इतर अ‍ॅपांतील दुवेही आता टनेलबाहेर उघडतात, एवढी गैरसोय तूर्त सोसतो आहे. आपल्यापैकी कोणाला याहून बरा मार्ग ठाऊक असल्यास अवश्य लिहावे.